काचगृहातील नामपट्टी : लायडनचे विद्यापीठीय उद्यान आणि मलबारची वनस्पतिनामे

ग्रंथालयातील ग्रंथ ज्याप्रमाणे सूचीवाचून हाती लागत नाही, त्याप्रमाणे विद्यापीठाच्या उद्यानातील वनस्पती नामपट्टीवाचून विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही. ही नामपट्टी कोठून आली, तिच्यावरील शब्द प्रथम कोणी उच्चारला, कोणी लिहून घेतला आणि कोणी मान्य केला, हे प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकेच भाषेच्या इतिहासाचेही आहेत. नेदर्लंड्समधील लायडन विद्यापीठाच्या उद्यानाचा वृत्तांत या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे; कारण त्यातील एक धागा कोचीन येथील कोकणीभाषक वैद्यांपर्यंत येऊन पोहोचतो.

लायडनचे विद्यापीठ इ. स. १५७५ मध्ये स्थापन झाले व १५९० मध्ये त्याच्या उद्यानास मान्यता मिळाली. १५९३ मध्ये कारोलुस क्लुसियस हा विख्यात वनस्पतिज्ञ तेथे आला आणि पुढील वर्षी डिर्क क्लुइट या औषधविक्रेत्याच्या साहाय्याने उद्यानाची प्रत्यक्ष मांडणी झाली. त्या काळी वनस्पतिविद्या हे वैद्यकाचे अंग मानले जाई. औषधी वनस्पती ओळखता येणे ही भावी वैद्याची प्राथमिक गरज होती. क्लुसियसने मात्र उद्यान औषधींपुरते मर्यादित न ठेवता दूरदेशीच्या वनस्पतींनाही तेथे स्थान दिले.

या धोरणातूनच एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. लायडन सुमारे ५२ उत्तर अक्षांशावर, तर कोचीन सुमारे १० उत्तर अक्षांशावर आहे. उष्ण प्रदेशातील रोपांना तिकडचा हिवाळा सोसवत नाही. म्हणून १६०० च्या सुमारास उद्यानाच्या कडेला एक आच्छादित दालन बांधण्यात आले व नाजूक झाडांच्या कुंड्या थंडीत तेथे हलविल्या जाऊ लागल्या. पुढे कृत्रिम उष्णतेची सोय असलेली वनस्पतिगृहे आली. १६८० मध्ये उद्यानाची सूत्रे हाती घेणारा पाउल हेर्मान हा त्यापूर्वी सिंहलद्वीपात डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य होता. त्याने १६८७ मध्ये उद्यानाची सूची प्रसिद्ध केली. १७०९ पासून उद्यानाचा कारभार पाहणाऱ्या हेर्मान बूरहाव्हनेही १७१० व १७२० मध्ये अशा सूच्या छापल्या. वैद्यकाचा विद्यार्थी आशियातील वनस्पती लायडनमध्येच पाहू शकेल, अशी परिस्थिती या प्रयत्नांतून निर्माण झाली.

परंतु रोप जहाजातून आणता आले, तरी त्याविषयीचे ज्ञान रोपाबरोबर आपोआप येत नाही. ते माणसांकडून मिळवावे लागते. मलबारच्या बाबतीत हे कार्य हेंड्रिक व्हान रेडे या डच अधिकाऱ्याने घडवून आणले. डचांनी १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोचीन जिंकले होते. तेथील कारभार पाहताना रेडेने ‘होर्तुस मलबारिकुस’ या ग्रंथाची सिद्धता आरंभिली. त्याचे १२ खंड १६७८ पासून ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाले. पहिल्या खंडावरील टीपा आर्नोल्ड सेयेन याने लिहिल्या. तो लायडनमध्ये वनस्पतिविद्येचा प्राध्यापक व तेथील उद्यानाचा प्रमुख होता. मलबारचा अरण्यप्रदेश आणि लायडनचे अध्यापन यांचा सांधा येथे स्पष्ट दिसतो.

ग्रंथातील माहितीचा प्रवास भाषाभ्यासकाने लक्षात घेण्याजोगा आहे. इट्टी अच्युतन हा एळवा समाजातील वैद्य मलयाळममध्ये माहिती सांगे. इमानुएल कार्नेरो ती पोर्तुगीजमध्ये आणी आणि पुढे तिला लॅटिन रूप मिळे. याखेरीज रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन वैद्य या कार्यात सहभागी होते. ते कोकणीभाषक ब्राह्मण होते. गोमंतकात पोर्तुगीज सत्ता स्थिरावल्यावर तेथून दक्षिणेकडे ज्यांनी स्थलांतर केले, त्या समाजाची कोचीन ही एक मोठी वसाहत होती. या तिघांचे १६७५ मधील नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडाच्या आरंभी ताम्रपटावर कोरून छापले आहे. चित्रांवरही रोमन, मलयाळम व अरबी लिप्यांच्या जोडीला नागरीत नावे आढळतात. सतराव्या शतकातील छापील कोकणीचा हा मोलाचा पुरावा होय.

यानंतरचा टप्पा कार्ल लिनियसचा. १७३५ ते १७३८ या काळात तो नेदर्लंड्समध्ये होता. वनस्पतींच्या नामकरणाचे नियम सांगणारा त्याचा ‘क्रितिका बोतानिका’ हा ग्रंथ १७३७ मध्ये लायडन येथेच प्रसिद्ध झाला. ग्रीक वा लॅटिन मुळाची नसलेली प्रजातिनामे त्याज्य होत, असे त्याचे सामान्य धोरण होते. तथापि मलबारच्या अनेक वनस्पतींचे नमुने त्याच्यापाशी नव्हते. रेडेच्या ग्रंथातील चित्र व वर्णन यांवरच त्याला विसंबावे लागले. त्यामुळे आजही कित्येक शास्त्रीय नावांचा अंतिम आधार त्या ग्रंथातील एखादे चित्र हाच आहे.

नियमाने जे नाकारले, ते व्यवहारात काही अंशी टिकून राहिले. मायाळूच्या प्रजातीस लिनियसने ‘बासेला’ हे रेडेच्या ग्रंथातीलच नाव दिले. चाफ्याच्या नावात ‘चंपाका’ उतरला, तो जातिवाचक पद म्हणून. शेवग्याचे ‘मोरिंगा’ हे नाव देशी नावांविषयी अधिक उदार असलेल्या मिशेल आदांसाँने १७६३ मध्ये स्वीकारले. वेलदोड्याची ‘एलेत्तारिया’ ही संज्ञा १८११ मध्ये रूढ झाली. तिच्यातील ‘एल’ हा अंश संस्कृत ‘एला’ या शब्दाचा सगोत्र आहे. बिंबलीचे उदाहरण तर अधिकच सूक्ष्म विचार करावयास लावते. तिच्या शास्त्रीय नावातील ‘बिलिंबी’ हे पद मलबारात ऐकलेले असले, तरी त्या शब्दाचे मूळ मलय भाषेत आहे. फळ आग्नेय आशियातून आले आणि आपले नाव बरोबर घेऊन आले. ‘देशी नाव’ ही कल्पनासुद्धा अशा रीतीने तपासून घ्यावी लागते.

या ज्ञानाचे श्रेय कोणाकडे जाते, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. रिचर्ड ग्रोव्ह यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एळवा परंपरेच्या वर्गीकरणास प्राधान्य दिले. कोकणी वैद्यांच्या शास्त्रग्रंथीय ज्ञानापेक्षा झाडाशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या एळवांचे ज्ञान ग्रंथरचनेत निर्णायक ठरले, असा त्यांचा आशय आहे. नागरी अक्षरे पाहून केवळ स्वभाषेचा अभिमान बाळगणाऱ्या वाचकाने हे मत दृष्टिआड करू नये. प्रमाणपत्रांवर सह्या करणाऱ्यांची नावे तरी उरली. रानात हिंडून फांद्या, फुले व बिया जमविणाऱ्यांची नावे ग्रंथात आलीच नाहीत. लिहिता येणाऱ्यांचा सहभाग कागदावर टिकतो आणि इतरांचा लोपतो, ही गोष्ट केवळ युरोपीय सत्तेच्याच बाबतीत खरी आहे असे नाही.

के. एस. मणिलाल यांनी दीर्घ परिश्रमांनी केलेला या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केला, आणि लॅटिन न जाणणाऱ्या अभ्यासकांना त्यातील मजकूर खुला झाला. लायडनचे उद्यान आजही विद्यापीठाचे आहे व त्याच्या उष्णगृहांत आशियातील वनस्पती वाढत आहेत. काचेखालील रोप मरते, त्याच्या जागी दुसरे लावले जाते; नाव मात्र तेच राहते. म्हणूनच वनस्पतिसंग्रहाचे अध्यापन करताना नामपट्टीवरील लॅटिन शब्दाबरोबर त्याची पूर्वपीठिकाही सांगितली जाणे अगत्याचे आहे. ती सांगितली नाही, तर विद्यार्थी वनस्पती ओळखील; परंतु ती आपल्यापर्यंत कोणाच्या जिभेवरून आणि कोणाच्या हातांतून आली, हे त्यास कधीच कळणार नाही.