एकाचा प्राण आणि अनेकांचें रक्षण

भिवंडी व कल्याण हीं खाडीकांठचीं गांवें शिवाजी महाराजांनीं इ. स. १६५७ च्या ऑक्टोबरांत विजापूरकरांकडून घेतलीं आणि पुढें तेथील खाड्यांत आपलीं गलबतें बांधविलीं. घाटावरचें राज्य असें समुद्राला भिडलें. परंतु पुरतीं तीन वर्षें लोटलीं नाहींत, तोंच त्या राज्याचा धनी एका गडावर कोंडला गेला. १६६० च्या मार्चांत सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला. मे महिन्यांत शाएस्तेखान पुण्यांत येऊन बसला. अशा वेळीं महाराज शत्रूच्या हातीं लागते, तर पुण्यापासून भिवंडीपर्यंतच्या रयतेला वाली उरला नसता.

जुलै महिन्यांतील एका पावसाळी रात्रीं महाराज सुमारें सहाशें मावळ्यांसह गडावरून निसटले व विशाळगडाकडे निघाले. परंपरा असें सांगते कीं, शत्रूस चकविण्यासाठीं दुसरी एक पालखी निघाली व तींत महाराजांच्या वेषानें शिवा काशीद बसला. हा नेबापूरचा, जातीनें नाभिक, आणि रूपानें महाराजांसारखा. पालखी पकडली गेली, सोंग उघडकीस आलें आणि त्याचा वध झाला. मिळालेल्या अवधींत महाराज पुढें गेले. पाठलाग जवळ येतांच बाजी प्रभु देशपांडे बांदलांचे लोक घेऊन घोडखिंडींत उभे राहिले व तेथेंच पडले. तीच खिंड पुढें पावनखिंड झाली.

याच सह्याद्रींत दुसरीहि एक कथा सांगतात. पुरंदराचा शेंदऱ्या बुरूज बांधतांना वारंवार ढांसळे. शेवटीं दृष्टान्तावरून बहिरनाक नांवाच्या महाराचा मुलगा नाथनाक व सून देवकाई यांस पायांत जिवंत गाडलें, आणि बापास इनाम मिळालें. ही दंतकथा खरी असो वा नसो, तिच्यांतील हिशेब पन्हाळ्यासारखाच दिसतो: थोड्यांच्या प्राणांनीं पुष्कळांचें रक्षण. मग एका कथेपुढें मान लवते आणि दुसरीनें अंगावर कांटा उभा राहतो, हें कां?

हिशेब कोण करतो, यावर सारें अवलंबून आहे. काशीदानें ‘एक’ हा आंकडा स्वतःच्या प्राणानें भरला. पुरंदरावर मोजणारे निराळे आणि मोजलेले निराळे. शिवाय निवड झाली ती गांवगाड्यांतील सर्वांत खालच्या माणसांची. सिद्दीची फौज तरी डोळ्यांसमोर उभी होती. बुरूज ढांसळण्याचें कारण मात्र चुन्यांत व खडकांत शोधावयाचें होतें.

तरीहि एक शंका उरतेच. प्रत्यक्ष राजाचा प्राण संकटांत असतां त्याच्या पदरचा सामान्य माणूस ‘नाहीं’ म्हणूं शकला असता काय? या शंकेस पूर्ण उत्तर नाहीं. म्हणूनच दुसऱ्याच्या प्राणावर जो वांचतो, त्याच्या शिरावर मोठें ऋण राहतें. महाराजांनीं तें जाणलें. दरबारांतील तरवारीचा पहिला मान जेध्यांकडे होता, तो घोडखिंडीनंतर बांदलांस मिळाला. काशीदाची समाधि पन्हाळ्यास आहे.

अनेकांच्या हितासाठीं ज्यास मरण पत्करावयाचें, त्यानेंच तें स्वखुषीनें पत्करावें. दुसऱ्यानें तें त्याच्यावर लादूं नये. आणि वांचलेल्यांनीं त्याचें नांव आंकड्यांत हरवूं देऊं नये.