येना : स्वच्छंदतावादाचे गाव

जर्मन स्वच्छंदतावादाची चर्चा आपल्याकडे बहुधा संकल्पनांच्या पातळीवरच होते. त्या संकल्पना ज्या गावात घडल्या, त्या येनाचा विचार क्वचितच होतो. हे विद्यापीठ पराभवातून जन्मले. १५४७ मध्ये युद्धात हरलेल्या योहान फ्रीडरिशच्या हातून विटेनबर्ग गेले. त्याची भरपाई म्हणून १५५८ मध्ये येनाचे विद्यापीठ उभे राहिले. पुढे वारसांत राज्याच्या वाटण्या झाल्या आणि विद्यापीठावर अनेक दरबारांची सामायिक सत्ता आली. मालक अनेक असले की नियंत्रण ढिले पडते. येनाच्या वैचारिक मोकळेपणाचे एक कारण या प्रशासकीय गैरसोयीत शोधावे लागते.

२६ मे १७८९ रोजी शिलरचे विश्वेतिहासावरील पहिले व्याख्यान झाले. सभागृह अपुरे पडले आणि विद्यार्थी मोठ्या सभागृहात जागा धरण्यासाठी रस्त्यातून धावत सुटले. ज्याच्यासाठी ते धावले, त्या प्राध्यापकाला त्या वेळी वेतन नव्हते! १७९४ मध्ये फिख्टे आला. त्याच्या पाठोपाठ श्लेगेल बंधू, कारोलिने, टीक आणि शेलिंग येथे जमले. नोव्हालिसचे येणेजाणे होतेच. समीक्षा ही साहित्यकृतीवरचा निवाडा नसून तिचीच पूर्तता आहे, हा विचार या सहवासात रुजला. ‘आथेनेउम’ हे त्यांचे नियतकालिक १७९८ ते १८०० एवढेच चालले.

या मोकळेपणाची मर्यादा १७९९ मध्येच उघड झाली. फिख्टेवर नास्तिकतेचा आरोप झाला. आपल्याला ठपका दिल्यास राजीनामा देऊ, असे त्याने लिहिले. वायमार दरबाराने ती धमकी हाच राजीनामा मानला. त्या दरबारात गटे मंत्री होता आणि त्याने या निर्णयाला साथ दिली. गटेच्या चरित्रकारांनी येथे दाखवलेले सौजन्य अनाठायी वाटते. १८०१ मध्ये नोव्हालिस वारला, १८०३ मध्ये शेलिंग व कारोलिने निघून गेले. १४ ऑक्टोबर १८०६ ला नेपोलियनने येनाजवळ प्रशियाचा पराभव केला, तेव्हा हेगेल तेथे आपल्या ‘फेनोमेनोलॉजी’ची अखेरची पाने पुरी करीत होता.

१७९९ मध्ये शासनाने एक प्राध्यापक घालवला; १९३० मध्ये थुरिंगियाच्या नाझी मंत्र्याने विद्यापीठाचा विरोध डावलून वंशवादी हान्स गुंथर याला अध्यासन दिले. विद्यापीठाला शिलरचे नाव मिळाले, ते त्यानंतर चार वर्षांनी, नाझींच्याच राजवटीत.