कॉमिक्सचे दुकान (अमेरिका)

कॉमिक्सचे दुकान म्हणजे चित्रकथांचे नवे अंक, जुने संग्राह्य अंक, जपानी मांगा आणि बैठे खेळ यांची किरकोळ विक्री करणारे विशेष दुकान होय. अशी दुकाने अनेक देशांत आढळतात. परंतु अमेरिकेतील दुकाने ज्या व्यापारपद्धतीवर उभी आहेत, ती तेथेच १९७०च्या दशकात घडली. तिला ‘डायरेक्ट मार्केट’ म्हणजेच थेट बाजार असे म्हणतात. दुकानदाराने मागवलेला माल विकला गेला नाही, तरी तो सहसा परत करता येत नाही, हे या बाजाराचे मुख्य लक्षण आहे. त्यामुळे दुकानात दर आठवड्याला लागणारी नव्या मालाची यादी ही दुकानदाराने दोन-तीन महिने आधी बांधलेल्या अंदाजांची यादी असते.

उगम

१९३०च्या दशकापासून अमेरिकेत कॉमिक्सचे अंक वृत्तपत्रविक्रेत्यांकडे, औषधांच्या आणि किराणा मालाच्या दुकानांत विकले जात. न खपलेले अंक परत करण्याची मुभा असे. संपूर्ण अंक परत पाठवणे खर्चाचे असल्याने मुखपृष्ठाचा वरचा भाग फाडून पाठवला जाई. पुढे अमुक इतके अंक नष्ट केले असे घाऊक विक्रेत्याचे प्रतिज्ञापत्रही पुरेसे मानले जाऊ लागले. असे ‘नष्ट’ झालेले काही अंक मागील दाराने विकले जातात, असा आरोप त्या काळी वारंवार होई. किंमत कमी असल्याने विक्रेत्याला या मालात फारसा रस नव्हता. कोणते अंक पाठवायचे हे घाऊक विक्रेता ठरवी, आणि मालिकेचा पुढचा अंक त्याच ठिकाणी मिळेल याची वाचकाला खात्री नसे.

केवळ कॉमिक्सची विक्री करणारी काही दुकाने तोवर निघाली होती. गॅरी आर्लिंग्टन यांनी १९६८मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू केलेले दुकान त्यांतील आरंभीचे मानले जाते. मात्र अशा दुकानांना नवे अंक वेळेवर आणि हव्या त्या संख्येने मिळत नसत. ब्रुकलिनमधील शिक्षक आणि न्यूयॉर्कच्या कॉमिक्स संमेलनांचे संयोजक फिल स्यूलिंग यांनी १९७२-७३च्या सुमारास प्रकाशकांशी एक सौदा केला. प्रकाशकांनी अधिक सवलत द्यावी आणि माल थेट छापखान्यातून पाठवावा. त्या बदल्यात न खपलेले अंक परत केले जाणार नाहीत, असे त्याचे स्वरूप होते. स्यूलिंग यांच्या ‘सी गेट’ या वितरणसंस्थेला मिळालेल्या विशेष अटींविरुद्ध ‘इर्जॅक्स’ या प्रतिस्पर्धी वितरकाने १९७८मध्ये दावा दाखल केला. त्यानंतर या अटी इतर वितरकांनाही खुल्या झाल्या.

सौद्याचा लाभ प्रकाशकांना तत्काळ झाला. मागणी आधीच हाती असल्याने तेवढ्याच प्रती छापता येत. मार्व्हलने १९८१मध्ये ‘डॅझलर’चा पहिला अंक केवळ या दुकानांसाठी काढला. छोट्या प्रकाशकांसाठी तर ही पद्धत वरदान ठरली. १९८४मध्ये दोन चित्रकारांनी स्वतःच सुमारे ३,००० प्रती छापून आणलेले ‘टीनेज म्युटंट निन्जा टर्टल्स’ जुन्या पद्धतीत विक्रेत्यापर्यंत पोहोचलेही नसते.

मालाची मागणी

प्रकाशक आगामी अंकांची माहिती मासिक सूचीतून देतात; दीर्घकाळ ‘प्रीव्ह्यूज’ ही त्यांतील प्रमुख सूची होती. प्रत्येक अंकाच्या किती प्रती हव्यात, हे दुकानदार सूची पाहून कळवतो. छपाईपूर्वीच्या ठरावीक तारखेपर्यंत बहुतेक मागण्यांत फेरबदल करता येतो. नियमित गिऱ्हाइके आपल्या मालिकांची नावे दुकानात नोंदवून ठेवतात. ‘पुल लिस्ट’ नावाची ही नोंद दुकानदाराचा सर्वांत विश्वसनीय आधार असते. तरीही नाव नोंदवून अंक न्यायलाच न येणारे गिऱ्हाईक हा या व्यवसायातील जुना ताप आहे. नवे अंक परंपरेने बुधवारी विक्रीस येतात. डीसी कॉमिक्सने २०२०मध्ये आपला दिवस मंगळवार केला; २०२४मध्ये तो पुन्हा बुधवारवर आणला.

तेजी आणि पडझड

थेट बाजारात प्रकाशकाच्या दृष्टीने विक्री दुकानदारापाशीच पूर्ण होते. वाचकाने अंक घेतला की नाही, याचा हिशेब प्रकाशकाच्या वहीत येत नाही. याचे परिणाम १९९०च्या दशकात दिसले. जुन्या अंकांना लिलावात मिळणाऱ्या किमती पाहून लोक नवे अंकही गुंतवणूक म्हणून घेऊ लागले. १९९१मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह निघाला आणि त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती दुकानांनी मागवल्या. इतके वाचक मुळात नव्हते. ज्या अंकाच्या लाखो प्रती घरोघरी जपून ठेवलेल्या आहेत तो कधी दुर्मीळ होणार नाही, ही साधी गोष्ट लक्षात येताच मागणी कोसळली आणि न खपलेले गठ्ठे दुकानदारांच्या अंगावर पडले. मार्व्हलने १९९४च्या अखेरीस ‘हीरोज वर्ल्ड’ ही वितरणसंस्था विकत घेऊन आपला माल इतर वितरकांकडून काढून घेतला. त्यामुळे गोंधळ वाढला आणि हजारो दुकाने बंद झाली. १९९६मध्ये ‘डायमंड’ या वितरकाने ‘कॅपिटल सिटी’ हा प्रतिस्पर्धी विकत घेतला. पुढच्या वर्षी हीरोज वर्ल्ड बंद होऊन मार्व्हलही डायमंडकडे आले. एका वितरकाच्या हाती जवळजवळ सर्व बाजार गेला.

मांगा

इंग्रजीत अनुवादित मांगा अमेरिकेत वाढला तो मुख्यत्वे पुस्तकांच्या मोठ्या दुकानांतून. तेथे माल परतीच्या बोलीवर मिळे, त्यामुळे नवी मालिका मांडून पाहण्यात जोखीम कमी होती. ‘टोक्योपॉप’ने २००२पासून मूळ जपानी पद्धतीने उजवीकडून डावीकडे वाचायचे खंड सुमारे १० डॉलरना विकण्यास आरंभ केला आणि मुली मोठ्या संख्येने या वाचनाकडे वळल्या. महानायकांच्या मालिकांवर पोसलेल्या अनेक कॉमिक्स दुकानांनी या वाचकवर्गाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले, आणि ते त्यांना महागात पडले. आज बहुतेक दुकानांत मांगाची स्वतंत्र मांडणी असते. तिच्यात भांडवल मात्र अडकून राहते: ‘वन पीस’सारख्या मालिकेचे शंभराहून अधिक खंड आहेत आणि पहिलाच खंड संपला, तर नवा वाचक पुढचे सहसा उचलत नाही.

बैठे खेळ

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) पूर्वीपासून काही दुकानांत मिळत असे. परंतु दुकानाचे गणित बदलले ते ‘मॅजिक: द गॅदरिंग’ (१९९३) या संग्राह्य पत्त्यांच्या खेळाने. पत्त्यांची बंद पाकिटे विकता येतात. शिवाय खेळाडूंकडून सुटे पत्ते विकत घेऊन त्यांची फेरविक्रीही करता येते. तिचा भाव दुकानदार स्वतः ठरवतो. खेळण्यासाठी टेबले मांडून संध्याकाळी स्पर्धा भरवल्या जातात. न विकलेला अंक महिनाभरात शिळा होतो, तर चांगला पटाचा खेळ वर्षानंतरही पूर्ण किमतीला जातो. कॉमिक्सच्या पडझडीत तगलेल्या अनेक दुकानांना या खेळांचा आधार मिळाला.

एकाधिकाराचा शेवट

कोविड-१९च्या साथीत, एप्रिल २०२०मध्ये, डायमंडने नव्या मालाचा पुरवठा थांबवला आणि काही आठवडे नवे अंक जवळजवळ आलेच नाहीत. त्याच वर्षी डीसीने डायमंडशी संबंध तोडले. ऑक्टोबर २०२१पासून मार्व्हलचे वितरण ‘पेंग्विन रँडम हाउस’कडे गेले. दुकानदाराला आता तीन-चार ठिकाणी वेगवेगळी मागणी नोंदवावी लागते आणि प्रत्येकाचा वाहतूकखर्च निराळा भरावा लागतो. १४ जानेवारी २०२५ रोजी डायमंडने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. कंपनीच्या गोदामात अनेक लहान प्रकाशकांचा माल विक्री होईपर्यंत प्रकाशकांच्याच मालकीचा, या बोलीवर पडून होता. तो विकून धनकोंची देणी भागवण्याची परवानगी कंपनीने न्यायालयाकडे मागितली. प्रकाशकांनी त्यास हरकत घेतली. त्यांतील अनेकांना आधी विकल्या गेलेल्या मालाचे पैसेही मिळालेले नव्हते.