चाकावरचे आवरण: इनामगावच्या बैलगाडीपासून घरी बांधलेल्या विमानापर्यंत

१/ घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननातून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. तेथील एका मृद्भांडावर बैलगाडी रेखाटलेली आढळते. त्या काळच्या गाडीवानाला चिखल, दगड आणि चढ यांची चिंता असेल. वाऱ्याची खचितच नव्हती.

२/ याचे कारण गणितात आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो आणि तो वेग टिकवण्यास आठपट शक्ती लागते. बैलाच्या चालीला नगण्य असलेला हा विरोध विमानाच्या चाकाला मात्र भारी पडतो. धावपट्टी सुटताच चाकाचे काम संपते; तरी उरलेल्या प्रवासभर ते इंधन खात राहते.

३/ चाक बोथट असते. त्यावरून गेलेली हवा पाठीमागे नीट मिटत नाही; भोवरे उठतात, तेथील दाब घटतो आणि विमान मागे ओढले जाते. यावर उपाय दोन. चाक पोटात ओढून घ्यावे, अथवा मागे निमुळते होत जाणारे थेंबाच्या आकाराचे आवरण, म्हणजेच फेअरिंग, त्यावर चढवावे. पहिल्या उपायाने वजन, खर्च आणि गुंतागुंत वाढते. म्हणून अनेक लहान विमानांनी दुसरा पत्करला.

४/ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पुस मॉथ जातीच्या त्या विमानात एक युक्ती होती. चाकांच्या दांड्यांवरील आवरणे ९० अंशांत वळवता येत. धार वाऱ्याकडे असली की विरोध कमी. आवरण आडवे केले की तेच ब्रेक! आकार एकच, फरक केवळ दिशेचा.

५/ दोन्ही अंगांनी वळणारा असा आकार पत्र्यातून ठोकून काढणे हे कसबी कारागिराचे काम. काचतंतूंनी ही अडचण दूर केली. १९५७ मध्ये जर्मनीत काचतंतूंच्या बांधणीचे ‘फिनिक्स’ ग्लायडर उडाले. १९७५ मध्ये अमेरिकेत बर्ट रुटान यांचे ‘व्हेरीईझी’ आले. फोम कापायचा, त्यावर काचेचे कापड अंथरायचे, इपॉक्सी मुरवायचे. साच्याविना विमान घरच्या गॅरेजात तयार! त्याचे पुढचे चाक आत मिटते, मागची दोन मात्र बाहेरच राहतात.

६/ अशा चाकांना आवरण बसवताना खरी कसोटी लागते. जमिनीवर विमानाच्या भाराने लवचीक दांड्या फाकतात. आकाशात त्या पुन्हा आवळतात. उभ्या विमानावर सरळ दिसणारे आवरण उडताना तिरके होऊ शकते. म्हणून विमान उचलून चाकांवरचा भार काढतात, ते उड्डाणाच्या स्थितीत समतल करतात, ओळंबा सोडून जमिनीवर मध्यरेषा आखतात आणि आवरण तिला समांतर बसवतात. गवंड्याचा ओळंबा येथे वैमानिकाच्या उपयोगी पडतो.

७/ टायरभोवती मोकळी जागाही हवी. ती फार ठेवली तर लाभ घटतो; फार कमी ठेवली तर दबलेला टायर आवरणाला घासतो. कच्च्या धावपट्टीवर ओला चिखल आत साचून चाक अडकण्याचे भय असते. म्हणून पावसाळ्यात आवरण उतरवून ठेवणेच शहाणपणाचे. इनामगावच्या गाडीवानाचा जुना वैरी येथे पुन्हा भेटतो.

८/ महाराष्ट्रातही घरी विमान बांधण्याचे धाडस झाले. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोप येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले. २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. कारखान्यात अशा कामाची जबाबदारी अनेकांत वाटली जाते. घरी विमान बांधणाऱ्याच्या वाट्याला ती पुष्कळशी एकट्याच्या येते, आणि हाताने बसवलेल्या प्रत्येक भागाच्या भरवशावर त्याला स्वतःलाच आकाशात जायचे असते.