फॉर्मवरची भाषा

तर झालं असं, की गेल्या आठवड्यात लेकीच्या हायस्कूलचा फॉर्म आला. नववीत कोणती भाषा घेणार? पर्याय चार: स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, लॅटिन. बायको म्हणाली स्पॅनिश, निदान उपयोगी तरी पडेल. मी म्हटलं लॅटिन, कारण मी आठवीत संस्कृत घेतलं होतं. ते 'स्कोअरिंग' म्हणून घेतलं होतं, हे मात्र सांगितलं नाही. लेक म्हणाली, "बाबा, मराठी का नाहीये लिस्टमध्ये? फुकट ए मिळाला असता."

फुकट वगैरे काही मिळाला नसता. तिला बोललेलं सगळं कळतं, साताऱ्याच्या आजीशी फोनवर पंधरा मिनिटं छान गप्पा मारते, पण वाचायला बसवलं की पहिल्या जोडाक्षराला गाडी बंद. प्रश्न मात्र डोक्यात राहिला. ही यादी ठरवतं कोण? जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की ती कोणी, कधी आणि कशाला घातली हे शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही. शनिवार त्यातच गेला.

१९१५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलांमधली जवळजवळ पाव मुलं जर्मन शिकत होती. पाव! १९२२ मध्ये हाच आकडा एक टक्क्याच्याही खाली. मध्ये काय घडलं ते सांगायला नको, १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. शाळांनी जर्मनचे वर्ग बंद केले, काही गावांत जर्मन पुस्तकं जाळली गेली. आमच्या शेजारच्या आयोवा राज्याच्या गव्हर्नरने, हार्डिंग त्याचं नाव, मे १९१८ मध्ये फर्मान काढलं की शाळेत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीच बोलायचं. टेलिफोनवरसुद्धा! आमचे रविवारचे फोन आठवले आणि हसू आलं, मग नाही आलं. त्याच काळात स्पॅनिश मात्र वर चढली. १९१० मध्ये जेमतेम एक टक्का मुलं ती घेत, १९२२ पर्यंत दहा टक्क्यांच्या पुढे. म्हणजे बायकोच्या 'उपयोगी' स्पॅनिशला पहिला मोठा धक्का मिळाला तो जर्मनची खुर्ची रिकामी झाल्यामुळे.

आम्ही राहतो ओमाहाला, नेब्रास्कात. इथे तर युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये कायदा झाला: आठवी पास होईपर्यंत कुठल्याही मुलाला परकी भाषा शिकवायची नाही, खाजगी शाळेतही नाही. लॅटिन, ग्रीक, हिब्रू चालतील. मेलेल्या भाषांपासून कोणाला काय धोका? (माझं लॅटिन इथेच बाद झालं.)

ओमाहाहून आय-८० ने पश्चिमेला दोनेक तासांवर हॅम्प्टन नावाचं खेडं आहे. तिथल्या लुथरन शाळेत रॉबर्ट मायर नावाचे मास्तर होते. जेवणाची सुट्टी अर्धा तास वाढवून त्या वेळात ते मुलांना जर्मनमधून बायबल शिकवत. शाळेच्या वेळात शिकवतच नाही, अशी पळवाट. २५ मे १९२० ला दहा वर्षांचा एक मुलगा जेकबच्या शिडीची गोष्ट जर्मनमधून वाचत होता आणि दारात काउंटीचा सरकारी वकील येऊन उभा राहिला. मायरनी नंतर सांगितलं, की इंग्रजीवर आलो असतो तर तो काही न बोलता गेला असता, हे मला ठाऊक होतं. ते जर्मनमध्येच चालू राहिले. दंड झाला २५ डॉलर.

मास्तरांनी तो भरला नाही, लढले. नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. मग वॉशिंग्टनला, ४ जून १९२३ ला, सात विरुद्ध दोन मतांनी जिंकले. मुलांना काय शिकवावं हे ठरवण्यात आईबापांचाही हक्क आहे, असं कोर्टाने म्हटलं. पण निकालाने कायदा गेला, जर्मन परत आली नाही. घरोघरी लोकांनी ती आधीच सोडायला घेतली होती.

पुढचं थोडक्यात. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक उडाला, १९५८ मध्ये अमेरिकेने विज्ञान-गणिताबरोबर परक्या भाषांसाठीही पैसा ओतला. २००६ मध्ये राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली पुन्हा एक योजना आली. तिच्यात अरबी, चिनी, रशियन, फारसीबरोबर चक्क आपली हिंदीही होती. कोणाच्या घरात काय बोलतात याच्याशी ह्या याद्यांचा फारसा संबंध कधी नव्हताच.

आता एक गोष्ट, जी मी घरी कधी बोललो नव्हतो. लेक बालवर्गात जाणार होती तेव्हा शाळेच्या फॉर्मवर प्रश्न होता: घरात मुख्यतः कोणती भाषा बोलता? सगळे देसी मित्र म्हणाले, इंग्रजी लिही, नाहीतर पोरीला इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात टाकतील. मी इंग्रजी लिहिलं. घरात तेव्हा तिला इंग्रजीतले दहा-वीस शब्द येत असतील. दारात कोणी वकील उभा नव्हता, दंड नव्हता.

रविवारी जेवताना मायर मास्तरांची गोष्ट लेकीला सांगितली, आणि मग हीही. ती जरा वेळ गप्प बसली. म्हणाली, "म्हणजे ऑफिशियली मला मराठी येतच नाही?"

फॉर्मवर स्पॅनिशवर टिक केली आहे. तिच्या दोन मैत्रिणी त्या वर्गात आहेत, तेव्हा आमच्या मतांना तसाही अर्थ नव्हता. मराठीचं वाचन जेवणानंतर अर्धा तास असं मी सुचवलं, वीस मिनिटांवर सौदा तुटला. काल 'क्ष' झाला. 'ज्ञ' ला ती अजून 'ज-न' म्हणते आहे.