सहलीचे छायाचित्र : रोल, तत्काळ फिल्म आणि मोबाइल



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आमचे गुरुजी इतिहास शिकवीत असत. परंतु आमच्या पिढीतील पुष्कळांच्या डोळ्यांसमोर ते उभे राहतात ते गळ्यात कॅमेरा अडकवून पावागडच्या पायऱ्या चढताना. तो कॅमेरा अॅग्फा क्लिक थ्री. आपल्या वडोदऱ्यातच न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तो तयार होत असे, याचा गुरुजींना कोण अभिमान! एका रोलवर बारा चौकोनी छायाचित्रे निघत. सहलीला रोल एकच. चांपानेरच्या मशिदीपाशी तीन, गडावर चार, जेवणाच्या पंगतीचे एक, असा हिशेब आदल्या दिवशीच वहीत मांडलेला असे. रोल धुवून आला म्हणजे गुरुजी प्रत्येक प्रतीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने स्थळ, तारीख आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावे लिहीत. शाई पुढच्या बाजूस फुटते, म्हणून पेन्सिल. एक प्रत शाळेच्या वहीत चिकटवीत आणि छायाचित्रात जो असेल त्याला एक देत. "नाव नसलेले छायाचित्र म्हणजे पत्ता नसलेले पत्र," असे ते म्हणत.

आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय निवडला त्याचे मूळ या वाक्यात आहे. कुटुंबाच्या सहलींची आणि प्रवासांची छायाचित्रे गेल्या सव्वाशे वर्षांत कशी बदलत गेली, आणि त्या बदलात आपण काय मिळवले व काय हातचे घालवले, याचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम इतिहास. १८३९ साली छायाचित्रणाची कला जगासमोर आली, आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. परंतु जड पेटी, काचेच्या तावदान्या आणि रसायने घेऊन हिंडणे हे धंदेवाईकांचे किंवा श्रीमंतांचे काम होते. साध्या कुटुंबाने यात्रेला गेल्यावर छायाचित्र काढवून घ्यावयाचे तर तीर्थक्षेत्रीच्या स्टुडिओत रंगविलेल्या पडद्यासमोर बसावे लागे. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर छायाचित्रांचा रोल भरूनच मिळे. तो संपला की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवावयाचा. छायाचित्रे आणि नवा रोल भरलेला कॅमेरा परत येई. १९०० साली त्यांनी ब्राउनी नावाची पेटी अवघ्या एका डॉलरला विकावयास काढली. कुटुंबाची सहल आणि कॅमेरा यांची सोयरीक तेव्हापासूनची.

आपल्याकडे ही सोयरीक मध्यमवर्गापर्यंत पोहोचावयास स्वातंत्र्य उजाडावे लागले. १९६० साली उटकमंड येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी उद्योग स्थापन झाला आणि पुढे त्यांचा 'इंदू' रोल दुकानांत दिसू लागला. कॅमेरा वडोदऱ्याचा, रोल उटकमंडचा, अशी गुरुजींची स्वदेशी जुळवाजुळव होती. वडोदऱ्याच्या मराठी घरांना तर छायाचित्राची गरज अधिक. गायकवाडी राज्यात नोकरीनिमित्त येऊन येथे रुजलेली ही कुटुंबे. त्यांचे सोयरेधायरे मिरज, पुणे, ग्वाल्हेर, इंदूर असे विखुरलेले. मूल कोणासारखे दिसते, सून कशी आहे, हे पत्राच्या पाकिटातून जाणाऱ्या छायाचित्रानेच तिकडे कळत असे. मात्र सहल आणि छायाचित्र यांच्यामध्ये पंधरा दिवसांची, कधी महिन्याचीही वाट पाहणे असे. कारण रोल संपल्याखेरीज तो धुवावयास द्यावयाचा नाही, हा घरोघरचा नियम होता.

ही वाट पाहणे नाहीसे करणारा शोध एका कौटुंबिक सहलीतच लागला, हे विशेष. डिसेंबर १९४३ मध्ये पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड हे कुटुंबासह अमेरिकेतील सांता फे या गावी सुटीवर गेले होते. त्यांनी आपल्या तीन वर्षांच्या मुलीचे छायाचित्र काढले, तेव्हा तिने विचारले की ते आत्ताच्या आत्ता का पाहता येत नाही. कोणत्याही बापाने या प्रश्नावर हसून मान हलविली असती. लँड फिरावयास बाहेर पडले आणि, त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, तासाभरात कॅमेरा, फिल्म आणि रसायन यांची रूपरेषा त्यांच्या मनात तयार झाली.

ती युक्ती अशी : फिल्म आणि कागद यांच्यामध्ये दाट रसायनाची एक लहानशी पुडी ठेवावयाची. छायाचित्र काढल्यावर दोन्ही थर रुळांमधून ओढले की पुडी फुटते आणि रसायन पातळ थरासारखे पसरते. प्रकाश न लागलेल्या भागातील चांदीचे क्षार विरघळून कागदाकडे सरकतात व तेथे चित्र उमटवितात. म्हणजे जे काम अंधाऱ्या खोलीत तीन-चार तबकांत होत असे ते कागदाच्या दोन पदरांत होऊ लागले. २१ फेब्रुवारी १९४७ रोजी लँड यांनी न्यूयॉर्क येथे शास्त्रज्ञांपुढे हा प्रयोग करून दाखविला. २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनमधील एका दुकानात हा कॅमेरा ८९ डॉलर ७५ सेंटला विक्रीस आला आणि आणलेले सगळे नग त्याच दिवशी संपले. १९६३ साली रंगीत तत्काळ फिल्म आली. १९७२ साली आलेल्या 'एसएक्स-७०' या घडीच्या कॅमेऱ्यातून छायाचित्र आपोआप बाहेर येई आणि भर उजेडात, पाहणाऱ्याच्या हातात, काही मिनिटांत उमटे.

तो कॅमेरा मी पाहिला तो १९७६ च्या डिसेंबरात. माझे मामा अमेरिकेहून आले होते. आजीला चांदोदला नर्मदास्नान करावयाचे होते. डभोईहून छोट्या गाडीने आम्ही नऊ जण गेलो. मामांजवळ दहा छायाचित्रांची एकच पेटी होती. नावेत आजी तांब्या मांडीवर घेऊन बसली असता मामांनी कळ दाबली, घरघर होऊन चौकोनी कागद बाहेर आला, आणि आम्ही सगळे त्यावर वाकलो. आधी नुसता हिरवट-करडा पृष्ठभाग. मग आजीच्या पदराची कड दिसू लागली, मग नदी, मग तिचा चेहरा. आजीने इतकेच विचारले, "अरे, पण याची दुसरी प्रत कशी निघायची?" मामा म्हणाले, "आई, याला निगेटिव्ह नसते. हे एकच."

नावाडी वल्हे थांबवून पाहत होता. त्याच्या शेजारी त्याची लहान मुलगी बसली होती. तो संकोचून म्हणाला, "मने आपशो?" पेटीत दोनच कागद उरले होते आणि आमचे सगळ्यांचे एकत्र असे अजून निघावयाचे होते. मामा घुटमळले. आजी म्हणाली, "बाळ, त्याचे त्याला दे. आपल्याला एक पुरे." त्या दोघांचे छायाचित्र निघाले, वाळले आणि नावाड्याच्या बंडीच्या खिशात गेले. संध्याकाळी घरी आल्यावर मामांनी उरलेलीही वाटून टाकली. दोन आमच्याकडे राहिली; आजीचे एक मिरजेच्या मावशीने नेले.

आजी पुढच्याच पावसाळ्यात गेली. आमच्याकडचे तिचे छायाचित्र वडिलांनी चौकटीत घालून खिडकीसमोरच्या भिंतीवर लावले. दहा-बारा वर्षांत उन्हाने त्यातील रंग उडाले. आता त्यात पिवळसर डाग आणि तांब्याची कड एवढेच राहिले आहे. मावशीने मात्र आपले छायाचित्र गुरुचरित्राच्या पोथीत ठेवले होते. अंधारात असल्याने ते टिकले. आज आमच्या घरात आजीचा जो चेहरा आहे तो त्या दिलेल्या छायाचित्रावरून केलेल्या प्रतीचा. आम्ही जपले ते गेले आणि दिले ते राहिले.

तत्काळ छायाचित्राच्या खालच्या बाजूस जी रुंद पांढरी पट्टी असते ती शोभेसाठी नसते. रसायनाची पुडी तेथे दडविलेली असते. परंतु लोकांनी ती पट्टी पाहिली आणि तिच्यावर नावे व तारखा लिहावयास सुरुवात केली. मावशीच्या छायाचित्रावर तिच्या अक्षरात आहे : 'आई, चांदोद, १९ डिसेंबर ७६.'

या शोधाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. कोडॅकने १९७६ साली स्वतःचा तत्काळ कॅमेरा आणला. पोलरॉइडने दावा लावला, १९८५ साली तो जिंकला, आणि १९८६ साली कोडॅकला हा व्यवसाय सोडावा लागला. परंतु ज्या शत्रूने पोलरॉइडला हरविले तो न्यायालयात उभा नव्हता. कागदावाचून चित्र दाखविणारे डिजिटल कॅमेरे आले. २००१ साली पोलरॉइडने दिवाळखोरी जाहीर केली आणि २००८ साली फिल्म बनविणे थांबविण्याची घोषणा केली. नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथील कारखान्याची यंत्रे काही जुन्या कामगारांनी व चाहत्यांनी मिळून वाचविली आणि २०१० पासून फिल्म पुन्हा मिळू लागली. जपानच्या फुजी कंपनीने १९९८ साली आणलेला 'इन्स्टॅक्स' तर आज आपल्या लग्नसमारंभांतही दिसतो.

आणि मोबाइल? त्याच्या कथेच्या आरंभीही एक मुलगीच आहे. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे फिलिप कान या गृहस्थांनी आपल्या नवजात कन्येचे छायाचित्र काढले. प्रसूतिगृहातच डिजिटल कॅमेरा, संगणक आणि मोबाइल फोन एकमेकांस जोडून त्यांनी ते दोन हजारांवर लोकांना पाठविले. १९९९ आणि २००० साली जपानमध्ये कॅमेरा असलेले फोन विक्रीस आले. २०१६ नंतर आपल्याकडे इंटरनेट स्वस्त झाले आणि सहलीला निघालेल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. लँड यांच्या मुलीला छायाचित्र आत्ता पाहावयाचे होते. कान यांना ते आत्ता द्यावयाचे होते. दोघांच्याही इच्छा पूर्ण झाल्या आहेत.

तरीही मला २०१७ सालची एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझी आई तेव्हा ८२ वर्षांची होती. आम्ही तिला ओंकारेश्वरला नेले. पुतण्याने त्याच्या मोबाइलवर चारशेहून अधिक छायाचित्रे काढली : घाटावर बसलेली आई, प्रसादाचा द्रोण हातात धरलेली आई, गाडीत झोपी गेलेली आई. परत आल्यावर सावकाश पाहू, छापून घेऊ, असे ठरले. तीन आठवड्यांनी पावसात तो फोन भिजला आणि पुन्हा सुरू झाला नाही. दुरुस्ती करणाऱ्याने दोन दिवस ठेवून घेऊन परत दिला. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आई गेली. चारशेंपैकी अकरा छायाचित्रे शिल्लक आहेत. ती कोणती? जी पुतण्याने त्या दिवशी घाटावरूनच मिरजेच्या मावसबहिणीला पाठविली होती.

म्हणजे पुन्हा तेच घडले. दिले ते राहिले. मोबाइलची निंदा करावयास मी उभा नाही. त्या अकरा छायाचित्रांबद्दल मी त्याचा ऋणी आहे. परंतु एक फरक लक्षात घ्यावयास हवा. मोबाइल छायाचित्राच्या पोटात तारीख, वेळ आणि पुष्कळदा स्थळही नोंदवून ठेवतो. ते चित्र आपण संदेशातून पाठविले की बहुधा ही नोंद गळून जाते आणि चित्रही आकसते. माणसांची नावे तर आपण लिहिल्याखेरीज तो नोंदवीतच नाही. त्या अकरांतील एकात आईच्या शेजारी एक वृद्ध बाई बसल्या आहेत. दोघी हसत आहेत. त्या कोण, हे आईला ठाऊक होते.

गती वाढली तसतसे एकेक काम आपल्या हातून सुटत गेले. रोल धुवावयास देण्याची खेप सुटली, वाट पाहणे सुटले, प्रती काढणे सुटले; त्यांचे मला दुःख नाही. परंतु या कामांच्या मधोमध एक क्षण असे, जेव्हा माणूस छायाचित्र पालथे करून हातात पेन्सिल घेई. तो क्षणही त्यांच्याबरोबर सुटला. चार पैसे पडत म्हणून आपण बारा छायाचित्रांचा विचार करीत होतो. आता काहीच पडत नाही म्हणून चारशेंतील कोणती बारा ठेवावयाची, हे ठरविण्याचे राहून जाते.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी शाळेच्या कपाटातील गुरुजींच्या वह्या चाळल्या. पावागड, चांपानेर, डभोईचा हिरा दरवाजा, गरुडेश्वर. प्रत्येक पानावर नावे आहेत. यांतील काही विद्यार्थी आज हयात नाहीत, काही या सभागृहात बसले आहेत. मग मी अलीकडच्या सहलींची छायाचित्रे मागितली. शिक्षकांनी सांगितले, "पुष्कळ आहेत, मुलांच्या फोनमध्ये आहेत." कपाटात एकही नव्हते. मोबाइल आल्यापासून शाळेने सर्वांत अधिक छायाचित्रे काढली, आणि शाळेजवळ सर्वांत कमी उरली.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. वर्गणी सगळेच मागतात. मी छायाचित्रे मागतो. आपल्या वेळच्या शालेय सहलींची, आणि पालक असाल तर मुलांच्याही, प्रत्येकी बारा छायाचित्रे निवडा. बाराच, कारण गुरुजींचा रोल तेवढाच होता. ती कागदावर उतरवा, पाठीमागे मऊ पेन्सिलीने स्थळ, तारीख व नावे लिहा आणि शाळेला द्या. ज्या मित्राचे नाव आठवत नसेल त्याच्यासाठी दुसऱ्या मित्राला फोन करा. तेवढ्याने दोघांची भेटही होईल. वही मी आणली आहे. पहिल्या पानावर आईचे ओंकारेश्वरचे छायाचित्र लावावे असे वाटले होते. पण ते शाळेचे नाही. ते मी पालथे करून, तारीख आणि एक नाव लिहून, दुसऱ्या नावापुरती जागा मोकळी ठेवून, मावसबहिणीकडे पाठविले आहे.