न्याहारीच्या खोक्यावरील सही

अमेरिकेतील मिशिगन राज्यात असलेले बॅटल क्रीक हे गाव आज न्याहारीच्या खोक्यांमुळे जगास ठाऊक आहे. परंतु त्याची पहिली कीर्ती पसरली ती एका आरोग्यधामामुळे. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या पंथाने १८६६ साली तेथे एक आरोग्यसंस्था स्थापिली आणि १८७६ साली तिची सूत्रे डॉ. जॉन हार्वी केलॉग या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे आली. मांस, मद्य, तंबाखू, चहा, कॉफी ही सारी तेथे वर्ज्य. सकाळीच डुकराचे मांस आणि तळलेले बटाटे खाऊन अपचनाने गांजलेली श्रीमंत मंडळी डॉक्टरांच्या आश्रयास येत आणि पाण्याचे उपचार, कवायत व निःसत्त्व वाटणारे धान्य मुकाट्याने पत्करीत.

तयार न्याहारीची कल्पना मात्र जॉनची नव्हे. न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथील डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी १८६३ साली भाजलेल्या कणकेचा ‘ग्रॅन्यूला’ नावाचा भरडा केला होता. तो इतका कठीण की, आदल्या रात्री भिजत घातल्यावाचून दातांस दाद देत नसे. केलॉगने तसाच पदार्थ त्याच नावाने काढला. हरकत निघताच एक अक्षर बदलून ‘ग्रॅनोला’ केले. या धंद्याचा पुढील सारा इतिहास या एका अक्षरात बीजरूपाने दिसतो.

जॉनचा धाकटा भाऊ विल कीथ याच आरोग्यधामात हिशेबनीस, पत्रलेखक, व्यवस्थापक, थोडक्यात सर्वकामी कारकून होता. सुमारे पाव शतक त्याने हे काम केले. डॉक्टर सायकलवरून फेरी मारीत आणि विल बाजूने धावत त्यांचे मजकूर टिपून घेई, असे सांगतात. फायली उपसण्यात ज्याचे आयुष्य जाते अशा माझ्यासारख्यास हे चित्र विनोदी वाटत नाही.

१८९४ साली शिजवलेला गहू काही कारणाने तसाच पडून राहिला. टाकून देण्याऐवजी तो रुळांतून काढला, तेव्हा लगद्याऐवजी प्रत्येक दाण्याची वेगळी पापडी निघाली. मुरण्याच्या अवधीत ओलावा दाण्यात सर्वत्र सारखा भिनला होता, हे त्याचे कारण. भाजल्यावर ती पापडी कुरकुरीत झाली. हा शोध जॉनचा, विलचा, की जॉनच्या पत्नी एला यांचा, याविषयी प्रत्येकाची हकीकत निराळी आहे. १८९६ साली मिळालेले पेटंट मात्र एकट्या जॉनच्या नावे आहे. धान भिजवून, भाजून, कांडून पोहे करणाऱ्या आपल्या बायकांस पेटंटाची वार्ताही नव्हती आणि सुदाम्याच्या पुरचुंडीवर कोणाचीही सही नव्हती! गव्हानंतर मक्याची पाळी आली. आपल्याकडे दिवाळीच्या चिवड्यात जे मक्याचे पोहे पडतात त्यांचे हे अमेरिकन भाऊबंद.

जॉनला ख्यातीची हाव होती, बाजाराची नव्हे. कृतीची गुप्तता त्याने कधी कसोशीने राखली नाही. १८९१ साली सी. डब्ल्यू. पोस्ट नावाचा एक आजारी विक्रेता तेथे उपचारास आला. प्रकृती सुधारली नाही, पण पाहावयाचे ते त्याने पाहून घेतले. १८९५ साली त्याने कॉफीऐवजी प्यावयाचे ‘पोस्टम’ काढले आणि लवकरच ‘ग्रेप-नट्स’, ज्यात द्राक्षेही नाहीत आणि सुकामेवाही नाही. ते मेंदूस पोषक आहे, आंत्रपुच्छाच्या विकारावर गुणकारी आहे, असे त्याच्या जाहिराती सांगत. १९०४ साली त्याने मक्याच्या पोह्यांस बायबलमधील संदेष्ट्याचे नाव दिले, ‘एलायजाज मॅना’. धर्मोपदेशक खवळले, तेव्हा १९०८ साली ते ‘पोस्ट टोस्टीज’ झाले. दुसऱ्यांस आरोग्य विकून कोट्यधीश झालेल्या या गृहस्थाने १९१४ साली आजारास कंटाळून स्वतःवर गोळी झाडून घेतली.

पोस्टची भरभराट पाहून विल अस्वस्थ होत होता. अखेर १९०६ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने स्वतःची कंपनी काढली. जॉनने आपल्या वाट्याच्या समभागांपैकी काही आरोग्यधामातील डॉक्टरांस वाटले होते. ते विलने गाजावाजा न करता विकत घेतले आणि सत्ता हाती आणली. पोह्यांत साखर पडली. जॉनच्या दृष्टीने हे पापच. गिऱ्हाइकाच्या जिभेस मात्र पटले.

कारकुनाचा जाहिरातकार झाला तो असा. १९०७ साली न्यूयॉर्कमधील गृहिणींस त्याने सुचविले की, आपल्या वाण्यास डोळा मिचकावा आणि काय मिळते ते पाहा. मिळे ते पोह्यांचे नमुन्याचे पाकीट. त्या काळी हे धारिष्टच होते. पुढे मुलांसाठी चित्रांचे पुस्तक आले. खोक्याबरोबर भेटवस्तू देण्याची प्रथा तेथून रुजली. नकला इतक्या झाल्या की, खोक्यावर विलची सही छापून ‘ही सही असेल तोच माल अस्सल’ असे बजावावे लागले. केलॉग हे नाव कोणी वापरावे यावरून दोघे भाऊ दहा वर्षे कोर्टात झगडले. १९२० साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने विलच्या बाजूने कौल दिला. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या सहीसाठी कागद तयार करणाऱ्याची सही अशी घरोघर पोचली. मला यात न्याय दिसतो, जरी साखरेचे समर्थन करवत नाही.

ती साखर पुढे वाढतच गेली. १९५२ साली साखरेचा थर दिलेले पोहे आले आणि त्यांच्यामागोमाग टोनी नावाचा वाघ दूरचित्रवाणीवर गर्जू लागला. १९७० साली रॉबर्ट चोट यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली की, तपासलेल्या साठ न्याहाऱ्यांपैकी चाळिसांत पोषण नगण्य आहे. रोग्यांच्या पथ्याची ही परिणती! १९९४ साली ही कंपनी हिंदुस्थानात उतरली, महाराष्ट्रात तळोजे येथे कारखाना निघाला. पण येथील लोकांनी सवयीप्रमाणे ऊन दूध ओतले आणि कुरकुरीतपणा वाडग्यातच विरघळला. २०२५ साली अमेरिकेतील न्याहारीचा मूळ धंदा फेरेरो या इटालियन चॉकलेटवाल्यांनी विकत घेतला.

जॉन १९४३ साली एक्याण्णव वर्षांचा होऊन वारला. मृत्यूपूर्वी त्याने धाकट्या भावास क्षमायाचनेचे एक दीर्घ पत्र लिहिले होते. ते डॉक्टरांस कमीपणा आणणारे आहे असे वाटून त्याच्या चिटणिसाने ते टपालात टाकलेच नाही. विलच्या हाती ते पडले तेव्हा जॉन हयात नव्हता आणि विलची दृष्टीही गेलेली होती.